बहिऱ्या ओताऱ्याचा कर्णा

मी कर्णा बोलतोय. लगेच कानांवर हात ठेवू नका. मी वाजणाऱ्यांतला नाही, ऐकणाऱ्यांतला आहे. एका बाजूला रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला हाडाचं बारीक टोक. टोक बहिऱ्या माणसाच्या कानात घालायचं आणि तोंड बोलणाऱ्यापुढे धरायचं, की झालं माझं काम. खरं सांगायचं तर मीही काही ऐकत नाही, आलेलं नुसतं पुढे ढकलतो. पण आयुष्यभर लोकांचं बोलणं पोटातून गेलं, की आपल्यालाही थोडं शहाणपण आलंय असं वाटायला लागतं. माझा हा गैरसमज अजून पुरता गेलेला नाही.

माझा जन्म पितळेची वाद्यं करणाऱ्या कारखान्यात झाला. ज्या पत्र्यातून मला कापलं, त्याच पत्र्यातले माझे सगळे भाऊ बिगूल झाले. आपणही फौजेपुढे चालणार, घोडे आपल्या आवाजानं बिचकणार, अशी स्वप्नं मी भट्टीतच पाहिली होती. मग कारागिरानं माझं टोक बारीक करत नेलं, फुंकायच्या जागी हाडाची बोंडी बसवली आणि म्हणाला, "हा ऐकायचा." माझे भाऊ हसले. ते हसले तरी सुरात हसले. मला तेवढंही जमलं नाही.

दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस होतो. एकदा एका पोरसवदा गिऱ्हाइकानं मला नरसाळं समजून भाव विचारला होता. अखेर एक तरुणी आली. तिनं मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि कारागिराला विचारलं, "यातून रागीट माणसाला ऐकू येईल का?"

कारागीर म्हणाला, "बाई, बहिऱ्याला येईल. रागीट माणसाचं मी काही सांगू शकत नाही."

तिनं तरीही मला घेतलं. पुढे जे झालं त्यावरून सांगतो, तो कारागीर मोठा प्रामाणिक माणूस होता.

तिचे वडील ओतारी होते. चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा ओतायचे. मातीचा साचा करायचा, त्यात तांबं आणि कथील वितळवून ओतायचं, घंटा थंड झाली की ठोकून सूर ऐकायचा आणि आतून किसून किसून तो जुळवायचा. असं सगळं आयुष्य त्यांनी घंटांच्या पोटात डोकं घालून काढलं. घंटांनी त्यांना नाव दिलं, घर दिलं आणि त्याच्या बदल्यात कान नेले. गावातल्या मनोऱ्यातली घंटा त्यांचीच. ती वाजली की चिमण्या उडत, आणि चिमण्या उडाल्या की त्यांना कळे की घंटा वाजली.

ऐकू येईना तसे ते चर्चला जायचे थांबले. पाळकांचे ओठ माशासारखे हलताना दिसतात, ते बघायला मी कशाला येऊ, असं म्हणायचे. देवाला माझ्याशी बोलायचंच असेल तर त्यानं मोठ्यानं बोलावं, असंही म्हणायचे. बायको वारलेली. घरात दोघीच, लेक आणि त्यांची थोरली बहीण. या बहिणीला सगळं गाव आत्याबाई म्हणत असे. त्यांचा आवाज असा, की भिंतीलाही ऐकू यावा. फक्त भावाला येत नसे.

लेकीनं मला घरी आणलं तेव्हा ओतारीबाबा खुर्चीत बसले होते. असल्या नळ्या म्हाताऱ्यांना लागतात, असं म्हणून त्यांनी मला बाजूला सारलं. तिनं माझं टोक हलकेच त्यांच्या कानाला लावलं, वाकली आणि म्हणाली, "बाबा, मी."

एवढंच. त्यांनी डोळे मिटले. किती वर्षांनी तो आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला होता कोण जाणे. मला वाटलं, आता हे रडणार आणि सगळं श्रेय मला मिळणार. पण त्यांनी डोळे उघडले, चेहरा नेहमीसारखा केला आणि म्हणाले, "ओरडू नकोस. बहिरा नाही मी."

माझ्या मोठेपणाच्या कल्पनांना तिथेच पहिला पोचा पडला. दुसरा पडला तो आत्याबाई माझ्यावर बसल्या तेव्हा. तो अजून आहे, डाव्या बाजूला.

ओतारीबाबांनी मला ठेवून घेतलं, पण ते माझ्याकडून ऐकायला कमी आणि न ऐकायला जास्त शिकले. नको तो विषय निघाला की ते मला कानातून काढत आणि टेबलावर पालथा ठेवत. आत्याबाईंचं बोलणं सुरू झालं की पालथा. औषधाचं नाव निघालं की पालथा. चर्चला चला असं लेक म्हणाली की पालथा. पुष्कळ दिवस मी जगापेक्षा टेबलच जास्त पाहिलं. सागवानी होतं, चांगलं होतं.

आता एका बुकबाइंडरचं सांगतो. हा मनुष्य चर्चमधली गीतांची फाटकी पुस्तकं शिवून द्यायचा. खळीचा वास येणारे कपडे, बोटांवर दाभणाचे घट्टे, आणि आवाज इतका मऊ की त्याच्यापेक्षा पान उलटल्याचा आवाज मोठा. उपासना संपली की पुस्तकं गोळा करायचं काम ओताऱ्याच्या लेकीकडे होतं. ती पुस्तकं मोजून द्यायची, तो मोजून घ्यायचा, आणि का कोण जाणे, दर वेळी परत मोजावी लागायची. प्रेम कसं जमलं ते मात्र मला विचारू नका. दोघंही चर्चमध्ये हळू बोलत, आणि मी घरी टेबलावर पालथा. आपली कुवत एवढीच.

एका रविवारी तो घरी आला. कोट झाडलेला, केस पाण्यानं बसवलेले. ओतारीबाबा अंगणात बसले होते. तो माझ्या तोंडाशी वाकला आणि सगळं बळ एकवटून ओरडला, "मी मागणी घालायला आलोय."

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. ओतारीबाबांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"पाणी घालायला आलायस? मग घाल की. त्या कुंड्या केव्हाच्या सुकल्यात."

मग कोट काढून त्यानं झारी उचलली आणि सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं. दुसरं काय करणार?

मी तुम्हाला शपथेवर सांगतो, माझ्याकडून 'मागणी'च गेलं होतं. 'म' होता, 'ग' होता, काना-वेलांटी जागच्या जागी होती. कानात शिरल्यावर त्याचं पाणी झालं, तर त्यात माझा काय दोष? पण गावात बोभाटा झाला तो असा, की ओताऱ्याच्या घरी आणलेली ती नळी काही कामाची नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. पुन्हा मागणी, पुन्हा पाणी. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. मग त्यानं विचारणं सोडलं. येताच कोट काढायचा आणि झारी घ्यायचा. एका रोपाची तर मुळं कुजली. प्रेमानं कुजलेलं झाड मी तेवढं एकच पाहिलंय.

आत्याबाईंचं मत वेगळंच होतं. बापाची सेवा करणाऱ्या मुलीसाठी स्वर्गात पुढची जागा राखलेली असते, असं त्या भाचीला ऐकवायच्या. स्वतः त्या इतक्या मोठ्यानं सांगत, की स्वर्गातही ऐकू जात असेल. भाची मान डोलवायची आणि भांडी घासायची. तिचा भांडी घासायचा आवाज मात्र दिवसेंदिवस वाढत चालला होता.

एकदा तो बुकबाइंडरही चिडला. दोघं चर्चच्या पायऱ्यांवर उभी होती. मी तिच्या हातात होतो, कारण माझ्यातली धूळ काढून घ्यायला ती मला कारागिराकडे घेऊन निघाली होती. तो म्हणाला, दुसऱ्या गावी एका छापखान्यात काम मिळतंय, जाऊ या, तिथले पाळक लग्न लावतील. ती नाही म्हणाली. तेव्हा तो म्हणाला, "ही तुझी श्रद्धा आहे की भीती, ते एकदा ठरव."

"ठरवून सांगते," ती म्हणाली आणि घरी आली.

तो आठवडा वाईट गेला. पुढच्या रविवारी झारी कोरडी राहील, असं मला वाटलं होतं. पण तो आला. तिनं त्याला फाटकातच गाठलं.

"दोन्ही आहे," ती म्हणाली. "भीतीही आहे. पण मी चिडून हे घर सोडलं, तर तो राग तुमच्या घरी घेऊन येईन. रोज तुमच्याच ताटात वाढीन. चालेल तुम्हाला?"

त्यानं कोट काढून फाटकावर टांगला. "आधी कुंड्यांचं बघतो," म्हणाला.

असे किती महिने गेले ते मी मोजले नाहीत. मला मोजता येत नाही, नुसतं ढकलता येतं. पण एक दुपार मी विसरणार नाही. ओतारीबाबा जेवून खुर्चीतच पेंगले होते. मी त्यांच्या कानातच राहिलो होतो, तोंड बाहेर लोंबत होतं. लेक शेजारी मोजा शिवत बसली होती. तिनं सुई ठेवली आणि माझ्याजवळ तोंड आणलं.

"बाबा, झोपलात म्हणून सांगते," ती अगदी हळू म्हणाली. "मी रोज प्रार्थना करते. आधी मागायचे, बाबांचं मन बदलू दे. हल्ली ते मागत नाही. हल्ली एवढंच मागते, की मला तुमचा तिटकारा येऊ नये. काल आला होता. तुमच्या पेल्यात दूध ओतताना आला होता. मला त्याची फार भीती वाटली, बाबा."

ती उठली आणि आत गेली.

माझं टोक त्यांच्या कानात होतं. झोपलेल्या माणसाची नाडी कशी चालते ते मला रोजच्या सवयीनं ठाऊक होतं. ही तशी चालत नव्हती. ओतारीबाबा डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला कानातून काढलं नाही. दिवा लावायला ती बाहेर आली तेव्हा त्यांनी नुकतंच जागं झाल्यासारखी जांभई दिली. नाटक इतकं वाईट वठलं, की माझ्यासारख्या पत्र्यालाही लाज वाटली.

रविवारी बुकबाइंडर आला आणि झारीकडे वळला. ओतारीबाबांनी त्याला बोलावलं. मला कानाला लावलं, माझं तोंड त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बोल."

तो गोंधळला. एवढे दिवस कुणी ऐकत नव्हतं, तेव्हा वाक्य पाठ होतं. आता कुणी ऐकायला बसलं तर पहिला शब्दच सापडेना. शेवटी तो ओरडला, पहिल्या रविवारपेक्षा दुप्पट मोठ्यानं. मी थरथरलो. माझ्या पोटात नुसता गडगडाट झाला आणि कानात गेला तो गोंगाट.

"काय?" ओतारीबाबा म्हणाले. या वेळी ते खरंच विचारत होते.

तो आणखी मोठ्यानं ओरडला. आणखी मोठा गोंगाट. ओतारीबाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण त्या रागाच्या नव्हत्या. आतापर्यंत ऐकून न ऐकणारा माणूस आता ऐकू पाहत होता, आणि त्याला ऐकू येत नव्हतं. मी जन्मात इतका निरुपयोगी कधी ठरलो नव्हतो, आणि मला निरुपयोगी ठरायचा अनुभव दांडगा आहे.

लेक पुढे आली आणि म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत की..."

"तू नको सांगूस," ओतारीबाबा म्हणाले. "तू गेल्यावर मला कोण सांगणार? त्यालाच सांगू दे."

'तू गेल्यावर' हे शब्द प्रथमच त्या घरात उच्चारले गेले होते. लेकीनं बापाकडे पाहिलं आणि तिला कळलं, की हा माणूस बुकबाइंडरला नाकारत नव्हता. सगळ्या जगातून एकच आवाज त्याच्यापर्यंत नीट पोहोचत होता, आणि बुकबाइंडर नेमका तो आवाज मागायला आला होता.

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. शिकणारा बुकबाइंडर, शिकवणारे ओतारीबाबा, आणि मार खाणारा मी. ओतारीबाबा वैतागून सांगायचे, "घंटेचा लोलक कधी पाहिलायस? तो घंटेला टेकून राहत नाही. लागतो आणि सुटतो. टेकून राहिला की घंटा घुसमटते. तू शब्दाला टेकून राहतोस."

तो मान डोलवायचा आणि पुन्हा टेकून राहायचा. "आज हवा छान आहे" याचं "राजवाडा घाण आहे" झालं. "तुमची तब्येत कशी आहे" याचं काय झालं ते मी इथे सांगणार नाही, पाळकही ऐकत असतात. आत्याबाई हसून हसून पदरानं डोळे पुसायच्या. लेक मात्र हसायची नाही. आत जायची, हात जोडून जराशी उभी राहायची आणि चहा घेऊन बाहेर यायची.

असंच एकदा बरंच ओरडून झाल्यावर बुकबाइंडर थकून खाली बसला. घसा बसलेला, खांदे पडलेले. ओतारीबाबांपुढचा पेला तसाच होता. तो सहज, काही शिकवायचं शिकायचं मनात न आणता माझ्या तोंडाशी म्हणाला, "बाबा, चहा थंड होतोय."

"मग देतोस कुठे उचलून?" ओतारीबाबा म्हणाले.

लेकीच्या हातातलं ताट वाजलं. ओतारीबाबांना मागून कळलं की आपण काय ऐकलं. त्यांनी पेला उचलला, घोट घेतला आणि मग म्हणाले, "आता ते दुसरं सांग."

तो त्याच आवाजात म्हणाला, हळू, शब्द सोडत, "मी मागणी घालायला आलोय."

"ऐकलं," ओतारीबाबा म्हणाले. "पहिल्या दिवशीही ऐकलं होतं."

मी लेकीकडे पाहिलं. इतके महिने साठलेलं आता फुटणार, असं मला वाटलं. ती आली, माझ्यापुढे वाकली आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच सांगावंत म्हणून."

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यासाठी त्यानं मला कानातून काढून मांडीवर ठेवलं, पण या वेळी पालथा नाही.

लग्नाला ओतारीबाबा पहिल्या बाकावर बसले. वचनं द्यायची वेळ आली तसे ते उठले, थेट वधूवरांपाशी गेले आणि मला दोघांच्या मधोमध धरलं. पाळकांनी त्यांना बसून घ्यायला सांगितलं, पण मी पाळकांकडे वळलेला नव्हतो, त्यामुळे ते ऐकायचं काही कारण नव्हतं. अखेर दोघांनीही आपापली वचनं माझ्या तोंडात दिली. कायद्यानं पाहिलं तर ती दोघं माझ्याशीच बांधली गेली आहेत, पण मी कधी हक्क सांगितला नाही.

यानंतर ओतारीबाबा गोगलगाय झाले, असं मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. नाही झाले. गोष्टीत माणसं बदलतात तेवढी घरात बदलत नाहीत. लेक गल्लीच्या पलीकडे राहायला गेली, तर सूप खारट झालंय हे सांगायला ते तिथवर जायचे. चर्चला येऊ लागले, पण उपदेश लांबला की मला खिडकीकडे वळवायचे. लेकीला अजूनही अधूनमधून त्यांचा राग यायचा. आला की ती विहिरीवर जायची, पाणी काढायचं नसलं तरी, आणि जरा वेळानं परत यायची. धीर एकदा मिळाला की कायमचा पुरतो, असं मला वाटायचं. तसं नसतं. तो रोज नव्यानं मागून आणावा लागतो, हे मी त्या बाईकडे पाहून शिकलो.

जावई मात्र रोज संध्याकाळी यायचा. आज कुठलं पुस्तक शिवलं, कातडं कसं मिळालं, खळ पातळ कशी झाली, असलं काहीबाही सांगायचा. ओतारीबाबा त्याच्या खळीत चुका काढायचे. आत्याबाईही अखेर हळू बोलायला शिकल्या, कारण भांडायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. ओतारीबाबा गेले ते एका स्वच्छ सकाळी, जावयाचं बोलणं ऐकता ऐकता. तो काय सांगत होता? पुठ्ठ्यांचा भाव. मोठं काही नव्हतं.

लेकीनं मला कानातून काढलं, रोजच्यासारखं माझं टोक पदरानं पुसलं आणि चर्चला दिलं. आता मी दाराजवळच्या खुंटीवर असतो. ज्याला लागेल त्यानं घ्यावं. एक म्हातारी सुईण मला घेते आणि उपदेश सुरू होताच झोपते. दोघी बहिणी माझ्यावरून भांडतात. पितळ काळं पडलंय, हाडाच्या बोंडीला चीर गेलीय. मी तक्रार करत नाही. केली तरी ऐकणार कोण? ऐकायचं खातं माझ्याकडेच आहे.

जाता जाता एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी हेकट म्हातारं माणूस असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. ओरडलेलं आत जाताना फुटतं, हे मी पोटातून सांगतोय. जवळ बसा, हळू बोला, आणि शब्द लागला की सोडून द्या. पहिल्या दिवशी नाही जमणार. दुसऱ्याही नाही.

आता थांबतो. उपासना संपलीय. ती मागच्या बाकावरची बाई खुंटीकडे आलीय. गाडीवानाची बायको. नवऱ्याशी तिचं बोलणं बंद आहे, का ते गावाला ठाऊक नाही. तिनं मला काढलं, टोक स्वतःच्या कानाला लावलं आणि माझं तोंड त्याच्यासमोर धरलं. तो दाराबाहेर बघतोय, टोपी घालतोय, न पाहिल्यासारखं करतोय. तिचा हात भरून आलाय, पण ती मला खाली घेत नाहीये.

त्यानं टोपी काढली. थांबा जरा, मला काम आहे.